दोन छापे

मंगळवार, १२ ऑगस्ट १९९७
इंदिरानगर, नाशिक

मला पुन्हा दिवस गेलेत. आज नक्की झालं. आमच्या चिनूला थॅलेसेमिया, दर महिन्याला रक्त चढवावं लागतं. दोष आम्हा दोघांच्याही रक्तात लपलेला.

संध्याकाळी हे म्हणाले, "चारांत एक मूल आजारी, असं डॉक्टर म्हणाले ना? ते एक झालं आपलं. आता कसली भीती?"

शाळेत गणित शिकवते मी, गप्प कशी बसणार? त्यांच्या हातात दोन नाणी दिली. एक तुमचं, एक माझं. दोन्ही छापे पडले तर बाळ आजारी. शक्यता चारांत एक, पण दर खेपेला तीच! आधी काय पडलं ते नाण्याला आठवत नाही.

ते नाणी उडवत राहिले. छापा-काटा. काटा-काटा. मग दोन्ही छापे. त्यांनी झटकन नाणी उचलली.

"हे धरायचं नाही," म्हणाले.

पुढच्या महिन्यात मुंबईला गर्भाची तपासणी. दोष निघाला तर मूल ठेवायचं नाही, हे आम्ही न बोलताच ठरवलंय. चिनू बाहेर टीव्हीपुढे खिदळतेय. तिच्या वेळी ही तपासणी कुणी सांगितली असती तर?