मुलीचा भत्ता आणि माझा त्याग

३ जानेवारी, शनिवार. बाहेर उणे एकोणतीस अंश.
आज निश्चय. रडगाणं बंद, कागदपत्रं सुरू. जोलीन आणि मी वेगळे होऊन अडीच महिने झाले, तरी सरकार आमच्या मुलीचा, दारकाचा बालभत्ता जोलीनच्याच खात्यात टाकतं. फॉर्म मागवला, भरला. ‘मुलाची मुख्य देखभाल कोण करतं?’ बेधडक लिहिलं : ओरेस्ट हनातियुक, वडील. शिवाय जोलीनकडून पोटगीही मागणार. ती हॉस्पिटलच्या लॅबची प्रमुख, मी सध्या घरी. कायदा बाई-पुरुष भेद करत नाही. मला कायदा आवडायला लागलाय.

७ जानेवारी, बुधवार
दारकाला भेटायचा वार. सहाला जायचं होतं, सातला पोचलो. इंजिन गरम राहावं म्हणून गाडी रात्री प्लगला लावायची असते, ती राहिली, इंजिन गोठलं. दोष थंडीचा. जोलीनला फॉर्मचं सांगितलं. म्हणाली, आठवड्यातून दोन तास येतोस, त्यातला एक वाटेतच असतोस. हे वाक्य वकिलाला सांगायचं. मानसिक छळ.

१३ जानेवारी
मोफत सल्ला केंद्र. वकीलबाई मिसेस वटनी. हुशार, पण प्रश्न फार. म्हणाल्या, पोटगी मिळूही शकते, पण संसारासाठी तुम्ही काय सोडलंत? मी म्हटलं, करिअर. कुठलं? बर्फावरच्या मासेमारीसाठी घडीच्या झोपड्या बनवण्याचं. किती विकल्या? मी म्हटलं, तेच तर सोडलं ना. मग विचारलं, घरातली भांडी कोण घासायचं? खरं ते सांगितलं : मशीन. त्या बराच वेळ काहीतरी लिहीत होत्या. चांगलं लक्षण.

२० जानेवारी
सरकारचं पत्र. मुलगी तुमच्याकडे राहते याचा पुरावा द्या, शाळेचा किंवा डॉक्टरांचा. किरकोळ काम. उद्या उरकतो.

२२ जानेवारी (काल वेळ नव्हता)
शाळेच्या ऑफिसातल्या बाईंनी इयत्ता विचारली. तिसरी म्हणालो. त्यांनी कॉम्प्युटरमध्ये बघून चौथी म्हणून सांगितलं. हल्लीच्या शाळांना फार घाई. पत्र द्यायला नकार. म्हणाल्या, तुम्ही इथे आल्याची कुठे नोंदच नाही हो.
मग डॉक्टरांकडे फोन. नर्सने विचारलं, नव्या चष्म्याने दारकाचं डोकं दुखायचं थांबलं का? मी म्हटलं, तो चष्मा फॅशनचा आहे. तिने माझं दारकाशी नातं पुन्हा विचारलं. लाइन खराब असावी.

२८ जानेवारी, बुधवार
आज साडेसहालाच पोचलो. प्रगती. जोलीनला म्हटलं, मुलगी निम्मा वेळ माझ्याकडे राहिली तर भत्ताही निम्मा माझा. ती भांडेल असं वाटलं होतं. म्हणाली, ने की. पुढच्या आठवड्यापासून आठवड्याआड ने. फक्त एक सांगते, पोरगी निम्मी येत नाही, अख्खी येते.
घाबरली ती. माझा विजय.

१ फेब्रुवारी, रविवार
दारका आली. एक बॅग, एक ट्रॉम्बोन. ट्रॉम्बोन कधीपासून वाजवते? वर्ष झालं म्हणाली. तिला बेड दिला, मी सोफ्यावर. त्याग क्रमांक दोन.

२ फेब्रुवारी
डब्यात पीनट बटर दिलं. शाळेतून फोन. कुणाला ॲलर्जी असते म्हणून शाळेत दाणे चालत नाहीत. मग चालतं तरी काय? दारका म्हणाली, बाबा, फ्रिजवर यादी लावतात. कुणाच्या फ्रिजवर, ते बोलली नाही.

४ फेब्रुवारी
सकाळी वेणी. पस्तीस मिनिटं. आरशात बघून म्हणाली, बाबा, ही वेणी नाही, गाठ आहे. मी म्हटलं, सोडतो. म्हणाली, राहू दे, बस चुकेल. तशीच गेली. संध्याकाळी परत आली तेव्हाही तशीच होती.

५ फेब्रुवारी
फ्रोझन पेरोगी, म्हणजे आमच्याकडच्या बटाटा भरलेल्या करंज्या, तळल्या. निम्म्या फुटल्या. दारकाने फुटलेल्यांना नावं ठेवली, एकीला माझं. पत्ते खेळलो. ती लबाडी करते. तिचा चष्मा पुसून दिला. काचा बऱ्याच जाड आहेत.
आज भत्त्याचं काम बघायला वेळ मिळाला नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार
मिसेस वटनींचा फोन. एका आठवड्याने भत्ता बदलत नाही, काही महिने नेमाने सांभाळलं तर बघतील. आणि पोटगीचं म्हणाल तर कोर्ट विचारेल, स्वतःच्या पायावर उभं राहायला काय करताय? मी म्हटलं, सध्या वेण्या घालायला शिकतोय. बाई पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, शिका. ते कोर्टात सांगू नका, पण शिका.

८ फेब्रुवारी, रविवार. दुपारी चार.
दारकाने स्वतःच पांघरुणाची घडी केली. उशी नीट ठेवली. मी नको म्हणत होतो. खाली जोलीनने हॉर्न वाजवला. बूट घालून झाल्यावर दारका दारात ताठ उभी राहिली आणि म्हणाली, थँक यू बाबा, मला राहू दिल्याबद्दल. मैत्रिणीच्या घरून निघताना असं म्हणायचं, हे जोलीनने तिला शिकवलंय.
मी म्हणालो, छे छे, त्यात काय! पुन्हा ये हं.
पाहुण्यांना म्हणतात तसंच.
मग खिडकीशी गेलो. गाडीत बसताच ती जोलीनला हातवारे करून भराभर काहीतरी सांगत होती. जोलीन वर बघून हसली की नुसतीच बघत होती, काचेवरच्या बर्फातून नीट कळलं नाही.