टाकणाऱ्याची सही

३ जुलै, सोमवार
तलावावर रुजू झाले. पद: पाणी तपासनीस, सहा महिने प्रोबेशन. घरातली पहिली बी.एस्सी. मी, तीही केमिस्ट्रीत. आणि बाबा एकवीस वर्षं क्लोरीन टाकतायत तोच हा पोहण्याचा तलाव! आई म्हणाली, आता त्यांच्या डोक्यावर बसू नकोस. बसणार नाही. फक्त सुधारणा करणार.
बाबांची तपासणी म्हणजे ओंजळभर पाणी घ्यायचं आणि हुंगायचं. झालं!

४ जुलै
संकल्प: हुंगणं बंद. सगळं कागदावर.
नवं रजिस्टर आखलं. तारीख, वेळ, पावडर किती, टाकणाऱ्याची सही. जबाबदारी निश्चित व्हायलाच हवी. बाबांना सही मीच शिकवली, मी चौथीत असताना. पगाराशिवाय आणखी कशावर तरी त्यांनी आज पहिल्यांदा सही केली आणि पोहायला शिकवणाऱ्या मॅडमना बोलावून दाखवली. मला भरून आलं.

७ जुलै
सकाळपासून धो धो. पावसाने क्लोरीन पातळ होतो, पाणी आम्लाकडे झुकतं, वरून घाण येते ती वेगळीच. पुस्तकात आहे. काठावरून बाटली भरली, तपासणीच्या किटमधली गोळी टाकली. गडद गुलाबी यायला हवं होतं, आलं जेमतेम फिकट.
बाबा म्हणाले, अगं, वर नुसतं पावसाचं पाणी आहे. पंप लाव, दोन तास थांब, मग कोपरापर्यंत हात घालून पाणी काढ.
दोन तास! मुलींचा क्लास चारला. दुप्पट पावडर टाकायला सांगितली. त्यांनी टाकली, सही केली. पंप नंतर लावला.

८ जुलै
पुन्हा पाऊस, पुन्हा फिकट, पुन्हा दुप्पट. बाबा पुटपुटले, हा तलाव आहे बाई, धुण्याची बादली नाही. पुटपुटण्याला रजिस्टरमध्ये रकाना नाही.

९ जुलै, दुपारी ३
आज रंगच नाही! बाटलीतलं पाणी नितळ, होतं तसंच. म्हणजे क्लोरीन शून्य. बाबांचं म्हणणं, नाक चुरचुरतंय, डोळ्यांतून पाणी येतंय, आज पोरींना उतरवू नकोस. मी शांतपणे समजावलं, वास हे मोजमाप नाही. ते म्हणाले, तू शिकलेली आहेस.
अखेर त्यांना पटलं. तिप्पट.

१० जुलै
काल अकरा मुली खोकत बाहेर आल्या. सगळ्यात लहान, सात वर्षांची, अजून हॉस्पिटलात ऑक्सिजनवर आहे. बदलत्या हवेचाही परिणाम असू शकतो.

१० जुलै, संध्याकाळी
किटमधल्या कागदाची मागची बाजू वाचली. क्लोरीन प्रमाणाबाहेर गेला तर रंग उडतो, पाणी नितळच दिसतं. इतकी महत्त्वाची गोष्ट इतक्या बारीक अक्षरांत? कंपनीला पत्र लिहिणार.

१२ जुलै
चौकशी. तलावाच्या सेक्रेटरींनी रजिस्टर चाळलं. म्हणाले, छान ठेवलंय, सगळं कसं स्पष्ट आहे. पानभर एकच सही. टाकायला कोणी सांगितलं, हा रकाना आखायचा राहून गेला होता.
मी बोलणारच होते. शब्दसुद्धा जुळवले होते. तेवढ्यात बाबा म्हणाले, साहेब, पोरगी कमीच टाका म्हणत होती, माझाच हात जड पडला.
संकल्प: उद्या खरं सांगायचं.

१३ जुलै
सेक्रेटरी मीटिंगमध्ये. दारापर्यंत गेले होते.

१४ जुलै
तोंडी सांगण्यापेक्षा लेखी बरं. मसुदा सुरू केला. पहिली दोन पानं पावसावरच झाली.

१५ जुलै
आई म्हणाली, दोघांची नोकरी गेली तर चूल कशावर पेटवू, ते पण लिही त्यात. बाबा म्हणाले, फाड तो कागद. मी फाडला नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. उशीखाली ठेवलाय.

१८ जुलै
ती सात वर्षांची मुलगी हॉस्पिटलातून घरी गेली. मॅडम सांगत होत्या, दोन पायऱ्या चढली की थांबते.
बाबांना कामावरून काढल्याचं पत्र आलं. त्यांनी ते माझ्या हातात दिलं, वाच म्हणाले. वाचलं. निष्काळजीपणा हा शब्द दोनदा होता, मी एकदाच वाचला. त्यांनी शर्टाला हात पुसले, पेन घेतलं आणि विचारलं, सही कुठे करायची गं?
मी बोट ठेवलं.