साक्षीदार गप्प होते तेव्हा

बाबा, रविवारी लेकीबरोबर इथल्या पार्सिपनी गावात एक कोर्टाचा मराठी सिनेमा पाहिला. इंग्रजांच्या काळातली एक विधवा सासरच्या जमिनीत हिस्सा मागते, अशी गोष्ट. तुम्ही शेजारी असता तर पहिल्या अर्ध्या तासातच कुजबुजायला लागला असता. नायक वकील न्यायाधीशाकडे पाठ करून लोकांपुढे भाषण ठोकतो आणि त्याला कोणी अडवत नाही. विरुद्ध बाजूचा वकील आल्या आल्याच इतका दुष्ट दिसतो की त्याचं म्हणणं काय, हे ऐकावंसंच वाटत नाही. आणि निकाल दुसऱ्याच तारखेला. पण एक गोष्ट त्यांनी फार बारकाईने टिपली आहे. साहेबाला मराठी येत नाही, म्हणून मध्ये दुभाष्या आहे. बाई तीन-चार वाक्यं बोलते, तो एकच सांगतो. आपलं काहीतरी गळलं हे तिला कळतं आणि ती गप्प होते. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरून हलत नाही. तेवढ्यात व्हायोलिनं सुरू झाली, आणि मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला.

परत येताना लेकीने इंग्रजीत विचारलं, आजोबाही कोर्टात अशी भाषणं करायचे का? ती शाळेच्या मॉक ट्रायल, म्हणजे लुटुपुटीच्या खटल्याच्या, टीममध्ये आहे. उलटतपासणी तिच्याकडे, पण समोरचा जरा थांबला की ही घाईने पुढचा प्रश्न विचारते. पुन्हा तसं झालं तर प्रश्न दुसऱ्या कोणाला देऊ, असं कोचने सांगितलं होतं. म्हणून मी तिला नागपूरच्या कोर्टातला तो दिवस सांगितला. मी कॉलेजच्या सुट्टीत तुमच्याबरोबर आले आहे. दिराविरुद्ध विहिरीच्या पाण्याच्या हक्काचा दावा, तुमची अशील पिंजऱ्यात उभी. समोरचा वकील विचारतो, नवरा गेल्यावर विहिरीवर कितीदा गेलात? ती बोलत नाही. वकील हसतो. तुम्ही उठत नाही, खोकतसुद्धा नाही. पंखा तेवढा फिरतो आहे. मग ती म्हणते, "गेलेच नाही. दिराने दोर काढून नेला होता." दावा तिथे फिरला. निकाल लागेपर्यंत मात्र माझं लग्न होऊन मी इकडे परदेशात आले होते.

शनिवारी लेकीची स्पर्धा झाली. तिने प्रश्न विचारला, साक्षीदार मुलगा थबकला, आणि ती थांबली. मला मागच्या बाकावर बसवेना. त्याने दिलेलं उत्तर तिच्या अजिबात उपयोगाचं नव्हतं. टीम हरली. पण गाडीत ती खुशीत होती. "ममा, तो खरंच विचार करत होता. आय कुड सी इट," म्हणाली. उलटतपासणी तिच्याकडेच राहिली आहे.

तुमच्या अशीलबाई काय बोलणार हे तुम्हाला आधी ठाऊक होतं का, हे विचारायचं राहूनच गेलं. आता हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? लेकीला मी सांगितलं की आजोबा अगदी शांत बसले होते. टेबलाखाली तुमचा पाय सारखा हलत होता, तेवढं सांगितलं नाही.