शेवटची जोडी

प्रिय भोपळ्या,

मागच्या पॅसेजमधलं बेसिन आठवतं का तुला? तुझी हनुवटी त्याच्या काठापर्यंत पोहोचत नसे, म्हणून मी तुला लाकडी स्टुलावर उभं करायची. एक हात तुझ्या पाठीशी आणि दुसऱ्या हाताने तुझ्या तोंडात ब्रश. गोल फिरव, आडवा ओढू नकोस, मागच्या दाढा राहिल्या, जीभ बाहेर काढ, अशी माझी टकळी चालू असायची आणि तू आरशात स्वतःकडे बघत सगळा फेस गिळून टाकायचास. पुढचा दात पडला त्या दिवशी तर तू इतका खूश होतास की संध्याकाळपर्यंत तोंड मिटलं नाहीस. आज ऑफिसात सगळे तुला सर म्हणतात. हे सर पेपरमिंटच्या ट्यूबा पोटात घेऊन वाढलेत हे त्यांना कुठे ठाऊक! हे मला अजून आठवतंय, म्हणून आधी तेच लिहून टाकलं.

आई बरी आहे. बरी काय, चांगली आहे. पुन्हा जेवायला लागली आहे, खिडकीशी बसून येणाऱ्याजाणाऱ्यांना नावं ठेवते. वर्षभर ती मला पगारी बाई समजत होती. मला 'अहो बाई' म्हणायची, मी केस विंचरले की आभार मानायची. आता तसं नाही. का नाही, ते सांगायचं तर माझ्या दातांपासून सुरुवात करावी लागेल.

माझे खालचे-वरचे पुढचे दात एकमेकांच्या अंगावर चढलेले होते, हे तुझ्याएवढं कोणी बघितलं नसेल. ब्रश फटीत पोहोचायचा नाही, अन्न अडकायचं, हिरड्यांतून रक्त यायचं. दातांची डॉक्टर म्हणाली, नुसतं साफ करून भागणार नाही, दात रांगेत आणले नाहीत तर हलायला लागतील. तारा लावायचं माझं वय नाही म्हणून पारदर्शक अलाइनर घेतले, दातांवर चढवायचे प्लास्टिकचे साचे. तुला फोनवर सांगितलं तर तू विचारलंस, लग्न ठरलंय की काय. तुझी बायको मागून हसत होती.

माझी शिस्त तुला माहीत आहे. सिस्टरांच्या शाळेत दुसरं काही नाही तरी तेवढं शिकले. खाताना अलाइनर काढायचे, रुमालात न गुंडाळता डबीतच ठेवायचे. जेवण झालं की दात घासायचे, फटींतून दोरा फिरवायचा, मगच ते परत चढवायचे. ते धुवायचे गार पाण्याने आणि मऊ ब्रशने, गरम पाण्याने आकार बिघडतो. घातलेले असताना साध्या पाण्याखेरीज काही प्यायचं नाही. चहा तर नाहीच. ठरलेले दिवस झाले की वरच्या-खालच्या साच्यांची पुढची जोडी. प्रत्येक जोडी आदल्या जोडीहून इतकी थोडी वेगळी, की हातात धरून कळत नाही. तोंडात मात्र कळतं. कोणीतरी आतून हळूहळू सामान हलवतंय असं वाटतं.

पहिल्याच दिवशी डॉक्टरने पडद्यावर माझे दात दाखवले होते, आताचे आणि शेवटी होतील ते. शेवटचे बघून मी खुर्चीतून पुढे वाकले. सगळे सरळ, फक्त डावीकडचा सुळा जरासा बाहेर वळलेला. मी विचारलं, हा असा का राहिला? ती म्हणाली, त्याचं मूळ या वयात वळणार नाही, मावशी, आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही. माझ्या लक्षात आलं होतं. ते बेबीताईचे दात होते.

तुला लहानपणी एकदा प्रश्न पडला होता. छोटी माझ्याहून एवढी मोठी, मग तिला छोटी का म्हणतात, असं तू जेवताना विचारलंस आणि आई पान अर्धं टाकून उठली. नंतर मी तुला एवढंच सांगितलं, की आपल्याला एक मोठी बहीण होती, ती तापाने गेली. तेव्हा सांगितलं नाही ते हे, की बेबीताई गेल्यावर बाबांनी तिचे सगळे फोटो उचलून टाकले आणि त्या घरात तू जन्मलास. ती डावखुरी होती. शाळेत सिस्टरांनी कितीदा पट्टी मारली तरी हात बदलला नाही. विणकाम सुरेख करायची. आणि हसली की तो सुळा आधी दिसायचा.

अर्ध्याहून जास्त जोड्या झाल्या होत्या. भर दुपारी मी आईच्या खोलीतल्या चादरी बदलत होते. डॉक्टरची कसली तरी थट्टा आठवून मला हसू आलं. आई माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बेबी, आलीस? किती उशीर केलास गं."

मी तिला दुरुस्त करायला हवं होतं. पण किती महिन्यांनी ती कोणाला तरी नावाने हाक मारत होती! मी म्हटलं, आले. त्या दिवशी तिने वाटीभर सूप संपवलं. मी जेवायला बसले आणि अलाइनर काढून डबीत ठेवले, तसा तिचा चेहरा विझला. ती कुठे गेली, असं तिने मला विचारलं. अहो बाई, ती आत्ता इथे होती ना? मी तोंड धुऊन ते परत घातले आणि खोलीत गेले, तर आईने हात पुढे केला.

आता काढले तरी फरक पडत नाही. दातच तसे झालेत.

शेजारच्या मावशी मला जिन्यात भेटल्या. त्यांनी ताईला अंगाखांद्यावर खेळवलेलं. मी हसून वाट दिली तर त्या तशाच मागे फिरल्या आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, जिन्यात उजेड कमी आहे, दिवा बदलायला सांग. मी वर बघितलं. दिवा नवाच होता.

मग आईने एकदा विचारलं, माझ्या जांभळ्या स्वेटरचं काय केलंस? मी उत्तर दिलं, ट्रंकेच्या तळाशी वर्तमानपत्राखाली आहे, बाही राहिली आहे. भोपळ्या, त्या ट्रंकेला मी उभ्या जन्मात हात लावला नव्हता. स्वेटर तिथेच निघाला, सुया अडकवलेल्या तशाच. मला विणता येत नाही. सिस्टरांनी माझी आशा दुसरीतच सोडली होती. पण बाही पूर्ण होत आली आहे. मी आईजवळ बसते, हात चालतात, मी त्यांच्याकडे बघत बसते. आज सकाळी बेसिनपाशी आरशात पाहिलं तर ब्रश डाव्या हातात होता आणि मला तो मुळीच परका वाटला नाही.

परवा तुझा फोन आला. दमलीयस का गं, आवाज वेगळा येतोय, असं तू म्हणालास. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. तुला वाईट वाटेल, पण सांगते. हा पुरुष कोण आणि मला छोटी का म्हणतोय, हे फोन ठेवेपर्यंत मला उमगलं नव्हतं.

आता शेवटची जोडी उरली आहे. ती घातली की दात तिथे पक्के बसतील, मग रोज रात्री एक साचा घालायचा, जन्मभर. न घालता सोडून दिलं तर दात हळूहळू आपल्या जुन्या जागी सरकतील आणि आईची बेबी दुसऱ्यांदा जाईल. हे तिच्या डोळ्यांदेखत होऊ देणं मला जमणार नाही. पण मी कोणाला विचारू? आई, मावशी, आरसा, सगळे तिलाच बघतात. तू तिच्यानंतर आलास. ताईचा चेहरा तू कधी पाहिलाच नाहीस, फोटोतसुद्धा नाही. या जगात फक्त तुझ्याच डोळ्यांत माझ्या चेहऱ्यावर दुसरं कोणी नाही. म्हणून हे पत्र. रविवारी ये. मी तोवर जोडी उघडणार नाही, असं आत्ता तरी ठरवलं आहे. दारात माझ्याकडे नीट बघ आणि मी कोण ते मला सांग.

कदाचित तुला उशीर होईल. म्हणून आताच सांगून ठेवते. शाळेचं माझं पदक तुझ्या मुलीला दे. माझं घड्याळ तुझ्या बायकोला, तिला ते आवडायचं. डॉक्टरने उपचाराआधी माझ्या वाकड्या दातांची पांढरी प्रतिकृती बनवली होती, ती मी मागून घेतली आणि मावशींकडे ठेवली आहे. ती तुझी, मी होते याची खूण म्हणून. आणि दार उघडणाऱ्या बाईने तुला कोण हवंय असं विचारलं, तर वाद घालू नकोस, आवाज चढवू नकोस. तू धाकटा आहेस, असं सांग. आईला तिच्याजवळच राहू दे. घराची किल्ली तिला दे, माझे कपडे तिला दे, ते तिला बसतील. प्रतिकृती मात्र तिच्या हाती देऊ नकोस, ती मागेल तरीही.

तुझीच, आत्ता हे लिहीपर्यंत तरी,
छोटी