पाठीचा अभिनय

३ मार्च, हेंगद्यान फिल्मसिटी, चीन
उद्यापासून मी गुरुजींचा डबल. मालिकेत म्हातारे गुरुजी लाडक्या शिष्येशी लढतात आणि तिच्याच तलवारीने मरतात. लढाई माझी, चेहरा गुरुजी झालेल्या बड्या नटाचा, शांगसाहेबांचा. माझी फक्त पाठ दिसणार. हरकत नाही. पाठीने अभिनय करायचा असं ठरवलंय. आजवर कुणी केला नसेल.

५ मार्च
उड्या कुणीही मारतं. मला लढाईतून बोलायचंय. शेवटचा वार खाण्याआधी शिष्येच्या डोक्यावर अर्धा क्षण हात ठेवणार. श्वेयिंगला, माझ्या लेकीला, बरोबर कळेल. चार वर्षं ती माझ्याशी बोलत नाही. तिच्या लग्नाला गेलो नाही, त्या दिवशी घोड्यावरून पडायचं काम होतं. तोंडाने माफी मागायला कधी जमलं नाही. हाताने बघू.

९ मार्च
अकरा टेक. फाइट मास्तर खोउ ओरडले, लाओ फू, मारामारी करतोयस की आशीर्वाद देतोयस? मास्तरांना कला कळत नाही. बाराव्या टेकलाही हात ठेवलाच. ते दमले होते, ओके म्हणाले.

मग प्रेत म्हणून शांगसाहेब आडवे झाले. कॅमेऱ्यासमोर मेलेल्याला अपशकुन टळावा म्हणून पैशांचं लाल पाकीट देतात, ते त्यांना. मेलो मी, पाकीट त्यांना! रागावलो वगैरे नाही. जेवलो मात्र नाही.

१० मार्च
गुडघा सुजलाय. किरकोळ.

१८ सप्टेंबर
श्वेयिंगला मेसेज केला: परवा एकतिसावा भाग बघ, मी आहे. असं याआधी सहा वेळा कळवलं होतं आणि सहाही वेळा एडिटिंगमध्ये मला कापलं. त्यात माझा काय दोष?

१९ सप्टेंबर
उत्तर नाही. कामात असेल.

२० सप्टेंबर, रात्री ८
हात दिसला! चक्क दिसला. पाठही छान रडली. टाळ्या वाजवल्या, मग खोलीत एकट्याने वाजवायला कसंसंच वाटलं.

२१ सप्टेंबर
श्वेयिंगचा फोन! स्वतःहून. गुरुजींनी डोक्यावर हात ठेवला तिथे हुंदका आवरेना, म्हणाली. शांगसाहेब काय माणूस असेल, त्यांची मुलं नशीबवान.

मी म्हटलं, अगं, तो हात माझा होता.

हसली. बाबा, पुरे करा आता थापा, म्हणाली. खरं सांगा, तुम्ही कुठे होतात?

मागे मशाल धरून उभा होतो, असं सांगितलं.

हो हो, दिसलात की, म्हणाली.