यादीतलं नववं नाव

५ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आम्हा दवाखान्यातल्या मंडळींना मार्चमधल्या एका शनिवार-रविवारी सायकली आणि तंबू घेऊन जंगलात यायचंय. तू तिथली वनरक्षक असताना परवानगीसाठी दुसऱ्या कोणाच्या दारात कशाला उभी राहू? चार नर्स, एक्स-रेवाला, औषधं देणारा, भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई आणि लोकांना व्यायाम करायला लावून त्यांच्या शिव्या खाणारी मी, असे आठ जण. डॉक्टरीणबाई परवा विचारत होत्या की तंबूत फोन चार्ज कुठे करायचा. तू कपाळाला हात लावशील, माहीत आहे.

खरं तर यादीत नऊ नावं आहेत. नववा माणूस लिफ्ट दुरुस्त करतो आणि पोट कमी करायचं म्हणून हल्ली कामावर सायकलने जातो. जंगल कुठलं, हे बाबांना मी अजून सांगितलेलं नाही. आजी गेल्यापासून सहा वर्षं तुम्ही बहीणभाऊ एकमेकांशी बोलत नाही, आणि मी इकडचे निरोप तिकडे पोचवून थकलेय. काय करू ते कळव.

तुझी लाडकी (दुसरी भाची नाही म्हणून),
चिंगी


१४ फेब्रुवारी

चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद.

परवानगी मिळाली. तंबू पाणवठ्यापासून लांब लावायचे. संध्याकाळी तिथे जनावरं येतात. शेवटचे सहा किलोमीटर नुसती खडी आहे, रुंद टायर घाला. शेकोटी मुळीच नाही. मार्चमध्ये पाचोळा कसा असतो ते मला विचार. चूल पेटेल ती माझ्या चौकीच्या अंगणात.

नवव्या माणसाला मात्र फसवून आणू नकोस. आई गेली त्या आठवड्यात इथे वणवा लागला होता. पाच दिवस आम्ही डोंगरावर होतो आणि बाळ्याचा निरोप चौकीत पडून राहिला. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. तो दारातच म्हणाला, की तुझी झाडं वाचली ना, मग झालं. मी तशीच मागे फिरले. चूक दोघांची, पण मोठी मी आहे. त्याला सरळ सांग. नाही आला तर समजून घेईन. आला तर गुडघ्याला पट्टा बांधायला लाव.

तब्येतीला जप, आणि आठवण ठेव.
आत्या


२२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सांगितलं. बाबा पेपर बाजूला ठेवून गॅलरीत गेले आणि तासभर सायकलच्या साखळीला तेल देत बसले. आज मात्र गुपचूप रुंद टायर बसवून आलेत.

बाकी भेटीत.
चिंगी


१३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

आम्ही सुखरूप घरी पोचलो. माझे पाय लाकडासारखे झालेत आणि पोरगी व्यायाम सांगून छळते आहे. डॉक्टरीणबाई फोनशिवाय जगल्या, एवढंच नाही तर पुन्हा कधी जायचं म्हणून विचारताहेत.

खडीवर मी सायकल ढकलत होतो तेव्हा तू समोरून आलीस. काय बोलावं याची मी वाटभर तयारी केली होती, ती सगळी विसरलो. तू एवढंच म्हणालीस, की सीट फार खाली आहे, आणि पाना काढून वर करायला लागलीस. मला हायसं वाटलं.

रविवारी सकाळी जळलेला उतार दाखवलास. खांद्याएवढी रोपं आणि तुम्ही आग अडवलीत त्यापलीकडचं जुनं जंगल बघितलं, आणि पाच दिवस तू काय केलंस ते मला तेव्हा कळलं. तिथे तू विचारलंस, की आईला शेवटी त्रास झाला का. मी टायरमधली हवा बघत बसलो. आता लिहितो.

त्रास झाला नाही. शेवटच्या दुपारी तिने उशाशी बसलेल्या नर्सचा हात धरला आणि तिला ठमे म्हणून हाक मारली. ते तुझं नाव आहे हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. आलीस, बरं केलंस, असं ती म्हणाली, आणि उन्हात किती काळवंडलीस म्हणून रागावलीसुद्धा. मी तिची चूक सांगायला पुढे झालो, पण नर्सने मला डोळ्यांनी थांबवलं. मग तो हात धरूनच आईला झोप लागली.

रागाच्या भरात हे मी तुझ्यापासून दडवून ठेवलं. तू आली नाहीस, असं मी सहा वर्षं म्हणत राहिलो. ताई, आईपुरती तू आली होतीस.

काय रागवायचं ते रागाव, पण मला लिही.

तुझा,
बाळ्या