लाल नाड्याचं पुडकं

नरडाणा. बुधवार, दिवेलागण.

आधी लिहून काढते.

दिराने तैवानहून कसल्याशा वाळक्या काड्या आणल्या होत्या. तिकडे त्या उकळून काळी जेली करतात, उन्हाळ्यात थंड खातात म्हणे. यांनी त्या फळीवर ठेवल्या, मी पाहिल्याही नव्हत्या. दुपारी वर्तमानपत्रातलं पुडकं काढलं आणि वरचा लाल नाडा कात्रीने कापला. तेव्हाच मनात आलं होतं, तैवानात नाड्याने पुडकं कोण बांधतं? तरी उकळल्या. गाळलेल्या पाण्यात गूळ, कॉर्नफ्लोअर. ताटात काळपट, लुसलुशीत जेली झाली.

माझे सासरे, नाना, परक्या पदार्थाला कधी हात लावत नाहीत. आज दोनदा मागून घेतली. म्हणाले, "वास वळखीचा शे. तुनी सासूनी चिता पेटनी तवय असाच उना व्हता."

सासूबाईंच्या चितेला असा वास आला होता? मला वाटलं, वय झालंय.

आवरताना फळीवर मागे दुसरं पुडकं सापडलं. प्लास्टिकचं, परक्या अक्षरांचं, न फोडलेलं. मग मी काय उकळलं? अंगणातली तुळस वाळली की नाना तिच्या काड्या जपून ठेवतात, स्वतःच्या सरणासाठी. तो नाडा त्यांचाच.

सांगायला बाहेर ओट्यावर गेले. नाना शांत बसले होते. केरातला नाडा त्यांनी उचलून आणला होता. कापलेल्या जागी गाठ मारून मनगटाला बांधला होता.

माझ्याकडे न बघता म्हणाले, "आते काड्या ठेवानं काम नही. पोटमा गयात त्या."